निळीपासून कलपापर्यंत

वाशी, नेरूळ किंवा ऐरोलीतल्या सलूनमध्ये आज केसांच्या रंगछटांचा तक्ता हमखास दिसतो. काळ्यापासून तांबूस, सोनेरी, अगदी जांभळ्यापर्यंत. पांढरे केस झाकायला आलेले वडील तो पाहतात, आणि निव्वळ हौसेने आलेली कॉलेजची मुले-मुलीही पाहतात. या तक्त्यामागच्या रसायनाचा इतिहास मात्र आपल्या शेतातल्या एका झुडपापासून सुरू होतो.

केस रंगवण्याची जुनी रीत दोन पानांवर चालत असे: मेंदी आणि नीळ. मेंदीतले लॉसोन हे नारिंगी द्रव्य केसातल्या केराटिन या प्रथिनाशी घट्ट बांधले जाते. निळीच्या पानात तयार निळा रंग नसतो. पान भिजवले की त्यातल्या द्रव्याचे विघटन होते आणि हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन निळा रंग तयार होतो. आधी मेंदी आणि मग नीळ लावली, की नारिंगीवर निळा बसून केस काळपट दिसतात. रंग डबीत तयार असतोच असे नाही, तो केसावरही घडवता येतो, ही गोष्ट लक्षात ठेवू या. पुढे तिचाच उपयोग होणार आहे.

१८२६ साली उनफरडॉर्बेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने निळीचे ऊर्ध्वपातन करून एक तेलकट द्रव मिळवला. काही वर्षांनी फ्रिट्झशे याने त्याला ‘अ‍ॅनिलीन’ असे नाव दिले. हे नाव ‘अनिल’ या पोर्तुगीज शब्दावरून आले. तो शब्द अरबी ‘अन्-नील’वरून, आणि अरबी शब्द आपल्या संस्कृत ‘नील’वरून आलेला आहे. पुढे हॉफमनने दाखवून दिले की दगडी कोळशाच्या डांबरातूनही हाच पदार्थ मिळतो. मग रंगासाठी शेताची गरज उरली नाही. १८५६ साली हॉफमनच्या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने, विल्यम पर्किनने, क्विनीन बनवण्याच्या खटपटीत पहिला व्यापारी कृत्रिम रंग शोधला. १८९७ साली जर्मनीत कृत्रिम नीळ बाजारात आली आणि भारतातली निळीची शेती कोसळत गेली.

कलपाचा धागा याच कुळातला. १८६३ साली हॉफमनने पॅरा-फेनिलीनडायअमीन या संयुगाचे वर्णन केले. त्याला आपण थोडक्यात ‘पीपीडी’ म्हणू. याचा रेणू लहान असल्याने तो केसाच्या आत शिरतो. अमोनियामुळे केसावरचे खवले उघडतात, हायड्रोजन पेरॉक्साइड ऑक्सिजन पुरवते, आणि आत शिरलेले लहान रेणू एकमेकांशी जोडले जाऊन मोठे रंगीत रेणू बनतात. त्यांना बाहेर पडता येत नाही, म्हणून हा रंग धुतल्याने जात नाही. निळीची जुनी युक्ती नव्या रूपात परत आली ती अशी! केस मुळाशी महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे नवा भाग मात्र मूळच्याच रंगाचा दिसतो.

१९०७ साली यूजेन शुएलर या फ्रेंच रसायनज्ञाने आपला कलप तयार केला. १९०९ साली त्याने काढलेली कंपनी पुढे लॉरिआल झाली. तिच्या मूळ नावातच ‘निरुपद्रवी’ हा शब्द होता. ग्राहकांच्या मनात कसली धास्ती होती, हे त्यावरून कळते.

आपल्याकडे अ‍ॅनिलीन परतले ते कारखान्याच्या वाटेने. १९६० साली केंद्र सरकारने हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही कंपनी स्थापन केली आणि पनवेलच्या पलीकडे, पाताळगंगेच्या काठी, रसायनी येथे तिचा कारखाना उभा राहिला. तेथे नायट्रोबेंझीन आणि त्यापासून अ‍ॅनिलीन बनत असे. त्याच काळात ठाणे-बेलापूर पट्ट्यातही रासायनिक उद्योग वाढले. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि या पट्ट्याच्या शेजारी नवी मुंबई वसू लागली. २०१७ साली सरकारने रसायनीचा कारखाना बंद करण्याचा निर्णय घेतला. ज्या पदार्थाला आपल्या निळीचे नाव मिळाले होते, तो काही दशके आपल्या शेजारीच तयार होत होता.

केसांचे काय करायचे हे ज्याचे त्याने ठरवावे, हा विचारही आपल्याकडे फार जुना नाही. विधवांच्या केशवपनाविरुद्ध १८९० साली मुंबईतल्या नाभिकांनी आवाज उठवला, त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे यांची प्रेरणा होती. त्या मानाने आजची मुलगी आपल्या केसांचा रंग स्वतः निवडते, ही लहान गोष्ट नव्हे.

पण निवड करायची तर माहिती हवी. पीपीडीमुळे काहींना तीव्र अ‍ॅलर्जी होते: खाज, पुरळ, चेहऱ्यावर सूज. म्हणूनच विसाव्या शतकात काही युरोपीय देशांनी कलपात त्याच्या वापरावर बंदी घातली होती. आज युरोपात केसांना लावताना त्याचे प्रमाण २ टक्क्यांपर्यंतच चालते, आणि त्वचेवर ते लावायला परवानगी नाही. आपल्याकडे लग्नसराईत, जत्रेत हातावर काढली जाणारी ‘काळी मेंदी’ पुष्कळदा याच पीपीडीने काळी झालेली असते. खरी मेंदी काळी रंगत नाही. लहानपणी एकदा अशी अ‍ॅलर्जी जडली, तर पुढे आयुष्यभर साधा कलपही सोसत नाही. कलप लावण्याआधी कानामागे थोडासा लावून ४८ तास वाट पाहावी, ही सूचना म्हणूनच महत्त्वाची. कलप पोटात गेला तर तो विषच आहे, तेव्हा तो मुलांच्या हाती लागू नये.

वर्गात एक प्रयोग सहज करता येईल. पांढऱ्या लोकरीचा आणि पांढऱ्या सुताचा धागा भिजवलेल्या साध्या मेंदीत रात्रभर ठेवा आणि सकाळी धुवा. लोकर केसासारखीच केराटिनची, तर सूत सेल्युलोजचे. कोणता धागा जास्त रंगला आणि का, हे मुलांनाच सांगू द्या. मग पुढच्या जत्रेत काळी मेंदी समोर आली, की तिच्यात काय आहे हा प्रश्न ती स्वतःच विचारतील.