हाडावरचे खळगे

* पोखरलेले हाड : ज्या लेखावर ही टीप आहे, त्याच्या लेखकाने पोखरलेल्या जीवाश्म हाडाचा उल्लेख ओझरता केला आहे, तो सोडून पुढे जाऊ नये. वाळलेले मांस आणि कातडे खाणाऱ्या डर्मेस्टिड भुंगेऱ्यांच्या अळ्या कोषात जाण्यासाठी हाडात लंबगोल खळगे कोरतात. पाण्यात बुडालेल्या कलेवराकडे हे भुंगेरे फिरकत नाहीत. म्हणून असे खळगे दिसले, की जनावर मेल्यावर बराच काळ उबदार, कोरड्या हवेत उघडे पडून होते आणि गाळ त्यावर नंतर आला, असे मानता येते. वाळवीही हाड कुरतडते, पण ती पुरलेल्या हाडापर्यंतही पोचते. हा फरक न पाहता जुन्या हवामानाचा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. बेळगाव जिल्ह्यातल्या कडोलीच्या वाचकाला जीवाश्मांचा हा विषय परका नाही. याच जिल्ह्यात, गोकाकजवळ मिळालेल्या गेंड्याच्या जीवाश्मांचे वर्णन रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८७४ मध्ये प्रसिद्ध केले. त्या जातीला त्यांनी ‘ऱ्हायनोसेरॉस डेक्कनेन्सिस’ हे नाव दिले. विहीर खणताना किंवा नदीच्या दरडीत दगड झालेले हाड आढळले, तर कृपया ते घासून धुऊ नये. पृष्ठभागावरच्या खुणा तेवढ्यानेही पुसल्या जातात.
— संपादक