पोटाला पडलेली खिडकी

६ जून १८२२. अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर फर कंपनीच्या दुकानात चुकून बंदूक उडाली आणि छर्रे अलेक्सी सेंट मार्टिन या तरुण नावाड्याच्या डाव्या बरगड्यांखाली घुसले. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्याला वाचवलं, पण जठराला पडलेलं भोक कधीच बुजलं नाही.

१ ऑगस्ट १८२५ रोजी बोमाँट यांनी मांस, शिळा पाव आणि कच्चा कोबी यांचे तुकडे रेशमी दोऱ्याला बांधून त्या भोकातून आत सोडले. तासाभराने दोरा ओढला, तेव्हा पाव आणि कोबी निम्मे विरघळले होते. मांस जसंच्या तसं होतं. अशा २३८ प्रयोगांचं त्यांचं पुस्तक १८३३ मध्ये निघालं. त्यातली एक नोंद फार मोलाची आहे: अलेक्सीला ताप भरला की जठराचं अस्तर कधी लाल नि कोरडं पडे, कधी फिकट होई, आणि रस आटे.

पचनाचे हे रस शरीराची राखणही करतात, याचा सुगावा त्याआधीच लागला होता. जठररसात ठेवलेलं मांस सडत नाही, हे इटलीच्या लाझारो स्पालान्झानी यांनी अठराव्या शतकातच पाहिलं होतं. पुढे कॉलऱ्याच्या जंतूचा कोलकात्यापर्यंत माग काढणारे रॉबर्ट कोख गिनिपिगना तो आजार लावू पाहत होते, पण जमेना. सोड्याचं पाणी पाजून त्यांनी जठरातलं आम्ल मारलं, अफूने आतड्याची हालचाल मंदावली, तेव्हा कुठे ते प्राणी आजारी पडले.

पित्ताची पाळी फार उशिरा आली.

चरबी पचवणं हेच त्याचं काम मानलं जाई. २००६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदरांची पित्तनलिका बांधली. पित्त थांबताच लहान आतड्यात जीवाणू माजले आणि अस्तराची तटबंदी ढासळली. पेशींमध्ये पित्ताम्लं ओळखणारा एक ग्राही रेणू असतो. औषधाने तो जागा ठेवला, त्या उंदरांचं अस्तर मात्र टिकलं. त्यानंतर २०१९-२० मध्ये आणखी एक धागा हाती लागला. आतड्यातले जीवाणू पित्ताम्लांचं रूप पालटतात, आणि ही पालटलेली आम्लं प्रतिकारयंत्रणेला आवर घालणाऱ्या पेशींची संख्या राखतात. शरीराने स्वतःच्याच आतड्यावर उलटू नये, यासाठी या पेशी लागतात.

या साऱ्या शोधाची पहिली किंमत अलेक्सीने वर्षानुवर्षं पोट उघडं ठेवून मोजली. १८८० च्या जूनमध्ये तो वारला. डॉक्टरांनी शव चिरू नये म्हणून घरच्यांनी ते ऐन उन्हाळ्यात सडेपर्यंत घरीच ठेवलं, आणि मग आठ फूट खोल पुरलं.