अपराजित आणि अजिंक्य: मिनेसोटा विद्यापीठाच्या महिला आइस हॉकी संघाचा २०१२–१३ चा हंगाम

१

खेळांच्या इतिहासकाराला एक अशी सोय उपलब्ध असते की, जी राजकीय अथवा सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाला क्वचितच लाभते. प्रत्येक हंगामाच्या अखेरीस विजय, पराभव आणि बरोबरी यांचा एक निर्विवाद ताळेबंद त्याच्या हाती पडतो. एखाद्या लढाईत जय कोणाचा झाला याविषयी दोन पक्षांच्या बखरींत एकवाक्यता नसते. सामन्याच्या गुणफलकाविषयी मात्र दोन्ही संघांना एकच गोष्ट मान्य करावी लागते. परंतु साधन निर्विवाद असले म्हणजे ते पुरेसेही असते, असे मात्र नव्हे. किंबहुना ज्या साधनाविषयी वाद होत नाही, त्याची चिकित्साही सहसा होत नाही, हा त्याचा दोषच म्हटला पाहिजे.

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या महिला आइस हॉकी संघाचा २०१२–१३ चा हंगाम हे याचे उत्तम उदाहरण होय. या संघाने त्या हंगामात ४१ सामने खेळले व ते सर्वच्या सर्व जिंकले. पराभव शून्य, बरोबरी शून्य. राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या (अमेरिकेत ती ‘एन. सी. ए. ए.’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते) महिला आइस हॉकी स्पर्धेत एकही सामना न हरता व बरोबरीत न सोडता विजेतेपद मिळविणारा हा पहिला संघ. पुरुषांच्या स्पर्धेत कॉर्नेल विद्यापीठाने १९६९–७० मध्ये २९ पैकी २९ सामने जिंकून अशी कामगिरी केली होती. प्रस्तुत लेखात या हंगामाचा वृत्तांत थोडक्यात देऊन, त्याच्या आकड्यांनी काय सांगितले आहे आणि काय सांगितलेले नाही, याचा विचार करावयाचा आहे.

२

या संघाची पूर्वपीठिका फार जुनी नाही. शासकीय साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदास मनाई करणारा कायदा अमेरिकेत १९७२ साली संमत झाला. ‘टायटल नाइन’, म्हणजे नववे प्रकरण, या नावाने तो ओळखला जातो. महाविद्यालयीन खेळांत स्त्रियांना वाव मिळाला, तो मुख्यत्वेकरून या कायद्याच्या आधारे. तथापि आइस हॉकीच्या बाबतीत ही प्रगती संथ होती. बर्फाचे क्रीडागार बांधणे व ते वर्षातील अनेक महिने गोठलेले राखणे हे खर्चाचे काम. शिवाय अशी क्रीडागारे बहुधा पुरुषांच्या संघांसाठी बांधलेली असत. १९९८ साली जपानमधील नागानो येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये महिलांच्या आइस हॉकीचा प्रथमच समावेश झाला व अमेरिकेने सुवर्णपदक मिळविले. मिनेसोटा विद्यापीठाचा अधिकृत महिला संघ नेमका त्याच हंगामात, म्हणजे १९९७–९८ मध्ये, लॉरा हॉल्डरसन यांच्या मार्गदर्शनाखाली उभा राहिला. उपर्युक्त संघटनेने महिलांसाठी राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली, ती २००१ साली. २००२ मध्ये मिनिॲपोलिस येथे रिडर अरीना हे सुमारे ३,४०० प्रेक्षकांचे क्रीडागार उघडण्यात आले. महाविद्यालयीन महिला हॉकीसाठीच मुद्दाम बांधलेले अमेरिकेतील हे पहिले क्रीडागार होय. सारांश, २०१२–१३ च्या हंगामामागे जेमतेम १५ वर्षांची परंपरा होती.

मिनेसोटाचा संघ ज्या विभागीय संघटनेत खेळत असे, तीत त्या वेळी आठ विद्यापीठे होती. प्रत्येक संघाने उरलेल्या सातांशी प्रत्येकी चार सामने खेळावयाचे, असे २८ साखळी सामने. हे सर्व मिनेसोटाने जिंकले. प्रशिक्षक ब्रॅड फ्रॉस्ट यांच्या हाताखालील या संघात अमांडा केसेल ही आघाडीची खेळाडू होती. ३७ सामन्यांत तिने स्वतः ४६ गोल केले व ५५ गोलांना साहाय्य केले. आइस हॉकीत गोल व साहाय्य या दोहोंना प्रत्येकी एक गुण धरण्याचा प्रघात असल्याने तिची गुणसंख्या १०१ झाली. त्या वर्षीचा पॅटी कॅझमायर पुरस्कार तिलाच मिळाला. महाविद्यालयीन महिला हॉकीतील हा सर्वोच्च वैयक्तिक सन्मान असून, प्रिन्स्टन विद्यापीठाची जी खेळाडू १९९० साली वयाच्या अवघ्या २८ व्या वर्षी मृत्यू पावली, तिच्या स्मरणार्थ तो देण्यात येतो. गोलरक्षणाची जबाबदारी फिनलंडच्या नूरा रॅटी हिच्याकडे होती. हॅना ब्रँट ही प्रथम वर्षाची विद्यार्थिनीही त्याच हंगामात पुढे आली.

एवढ्यावरून हा हंगाम सुखाने पार पडला असावा असा वाचकाचा समज होईल; परंतु राष्ट्रीय स्पर्धेचे तीन सामने पाहता चित्र बदलते. १६ मार्च २०१३ रोजी उपान्त्यपूर्व सामन्यात नॉर्थ डकोटा विद्यापीठाशी गाठ पडली. नियमित ६० मिनिटांत दोन्ही संघांचे दोन-दोन गोल झाले. बाद फेरीत जादा वेळ वीस-वीस मिनिटांच्या सत्रांत खेळविला जातो व ज्याचा पहिला गोल होईल तो जिंकतो. पहिले जादा सत्र गोलाविना संपले, दुसरेही संपले. तिसऱ्या सत्रात, म्हणजे १०० हून अधिक मिनिटांच्या खेळानंतर, मिनेसोटाने ३–२ असा विजय मिळविला. २२ मार्च रोजी उपान्त्य सामन्यात बॉस्टन कॉलेजविरुद्धही पुन्हा जादा वेळ व पुन्हा ३–२. २४ मार्च रोजी रिडर अरीनातच झालेल्या अंतिम सामन्यात बॉस्टन विद्यापीठाचा ६–३ असा पराभव करून मिनेसोटाने सलग दुसऱ्या वर्षी विजेतेपद मिळविले.

३

येथे शब्दांचा थोडा विचार करणे अप्रस्तुत होणार नाही. अशा संघाच्या वर्णनासाठी मराठीत दोन शब्द सहज सुचतात: ‘अपराजित’ आणि ‘अजिंक्य’. व्यवहारात ते जवळजवळ समानार्थी म्हणून वापरले जातात. इतकेच नव्हे, तर स्पर्धेतील अंतिम विजयाला आपली वृत्तपत्रे ‘अजिंक्यपद’ असे म्हणतात. वस्तुतः या दोन शब्दांच्या घडणीत महत्त्वाचा भेद आहे. ‘अपराजित’ हे निषेधार्थक उपपद लागलेले भूतकालवाचक कर्मणी धातुसाधित. जो आजवर पराभूत झालेला नाही तो अपराजित. घडलेल्या गोष्टींपलीकडे हा शब्द काहीही सांगत नाही. ‘अजिंक्य’ हा मात्र ‘जिंकणे’ या मराठी धातूला संस्कृत धर्तीचा ‘-य’ प्रत्यय लावून बनविलेला शब्द असून त्याचा अर्थ शक्यतावाचक आहे; ज्याला जिंकणे शक्यच नाही तो अजिंक्य. संस्कृतात या अर्थी ‘अजय्य’ असा शब्द आहे. एक शब्द भूतकाळाची नोंद करतो, दुसरा भविष्याविषयी विधान करतो.

४१–०–० ही नोंद पहिल्या प्रकारची आहे. ती वाचताना मात्र आपण नकळत दुसऱ्या प्रकारचा अर्थ काढतो. तिसऱ्या जादा सत्रात चकती एखाद्या काठीला लागून वेगळ्या दिशेने वळली असती तर नोंद वेगळी झाली असती आणि संघाचा दर्जा मात्र तोच राहिला असता. बॉस्टन कॉलेजच्या संघाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. २०१५–१६ च्या हंगामात या संघाने ४० सामने खेळून ४० जिंकले. अंतिम सामना हा त्याचाही ४१ वा. तो मिनेसोटाने ३–१ असा जिंकला. दोन्ही संघांमध्ये अंतर पडले ते एका सामन्याचे. परंतु एकाचा हंगाम इतिहासात ‘परिपूर्ण’ म्हणून नोंदला गेला आणि दुसऱ्याचा उल्लेख त्याच्या अखेरच्या पराभवानेच होतो.

४

आता त्या उपान्त्यपूर्व सामन्यातील प्रतिस्पर्ध्यांकडे वळू. नॉर्थ डकोटा हे मिनेसोटाच्या पश्चिमेस लागून असलेले राज्य. त्याच्या विद्यापीठाचा महिला संघ २००२ साली सुरू झाला होता. या संघात त्या दिवशी जोसलिन व मोनिक लामुरू या जुळ्या बहिणी खेळत होत्या. महाविद्यालयीन जीवनाचे पहिले वर्ष त्यांनी मिनेसोटाच्याच संघात घालविले होते व नंतर त्या आपल्या गावच्या विद्यापीठात परतल्या होत्या. तीन जादा सत्रांचा तो सामना हा त्यांचा अखेरचा महाविद्यालयीन सामना ठरला.

मिनेसोटाची विजयमालिका आदल्या हंगामातील अखेरचे आठ सामने धरून ४९ वर पोहोचली होती. पुढील हंगामात ती ६२ पर्यंत गेली. १७ नोव्हेंबर २०१३ रोजी ती खंडित करणारा संघ नॉर्थ डकोटाचाच होता. म्हणजे ज्या संघाने परिपूर्ण हंगाम मोडण्याच्या अगदी जवळ नेला, त्यानेच अखेर ती मालिका मोडली. तो हंगामही मिनेसोटाच्या विजेतेपदाने संपला नाही. मार्च २०१४ मधील अंतिम सामन्यात क्लार्कसन विद्यापीठाने त्याला ५–४ असे हरविले.

यानंतर जे घडले, ते कोणत्याही गुणफलकावर दिसत नाही. २०१७ च्या वसंतात अमेरिकेच्या राष्ट्रीय महिला संघाने योग्य मानधन व सुविधा मिळाल्याखेरीज जागतिक स्पर्धेत खेळणार नाही असा पवित्रा घेतला होता. लामुरू भगिनीही या संघात होत्या. २८ मार्च रोजी राष्ट्रीय हॉकी संघटनेने खेळाडूंशी करार केला. महिला हॉकीच्या इतिहासात हा दिवस विजयाचा मानला जातो. दुसऱ्याच दिवशी, २९ मार्च रोजी, नॉर्थ डकोटा विद्यापीठाने आपला महिला हॉकी संघ बंद करीत असल्याचे जाहीर केले. त्याबरोबर पुरुष व महिला या दोन्ही विभागांतील जलतरणाचे संघही बंद झाले. राज्याच्या महसुलातील घट व त्यामुळे विद्यापीठाच्या अंदाजपत्रकात करावी लागणारी कपात, हे कारण देण्यात आले. आदल्या वर्षीच, म्हणजे २०१६ साली, राष्ट्रीय विजेतेपद मिळविलेला पुरुषांचा हॉकी संघ मात्र चालू राहिला. महिला खेळाडूंपैकी काहींनी खेळ चालू ठेवण्यासाठी अन्य विद्यापीठांत प्रवेश घेतला.

२२ फेब्रुवारी २०१८ रोजी दक्षिण कोरियातील हिवाळी ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात अमेरिकेने कॅनडाला हरवून २० वर्षांनी पुन्हा सुवर्णपदक मिळविले. नियमित वेळेत बरोबरी साधून देणारा गोल मोनिकचा होता, तर निर्णायक गोलांच्या फेरीतील अखेरचा गोल जोसलिनचा. ज्या संघात त्या दोघी घडल्या, तो संघ त्या वेळी अस्तित्वात नव्हता.

त्याच वर्षी बंद झालेल्या संघाच्या काही माजी खेळाडूंनी १९७२ च्या कायद्याच्या आधारे दावा दाखल केला. कनिष्ठ न्यायालयाने २०१९ मध्ये तो फेटाळला; २०२१ मध्ये अपील न्यायालयाने हा निर्णय रद्द ठरवून दावा पुन्हा चालविण्यास मोकळीक दिली. या वादात ‘देहसंपर्काचा खेळ’ या वर्गाला महत्त्व प्राप्त झाले होते. सदर कायद्याखालील १९७५ च्या नियमांत मुष्टियुद्ध, कुस्ती, रग्बी, फुटबॉल व बास्केटबॉल यांच्याबरोबर आइस हॉकीचीही गणना या वर्गात केलेली असून, अशा खेळांत पुरुष व स्त्रिया यांच्यासाठी वेगवेगळे संघ ठेवण्याची मुभा संस्थांना आहे. यात लक्षणीय गोष्ट ही की, महिलांच्या आइस हॉकीत प्रतिस्पर्ध्याला अंगाने धडक देऊन आडविणे दीर्घकाळ नियमबाह्य राहिले आहे. खेळाच्या नियमपुस्तकात जो संपर्क दोष ठरतो, तोच कायद्याच्या परिभाषेत त्या खेळाचे लक्षण ठरतो. संज्ञा एका संदर्भात घडविली जाते व दुसऱ्या संदर्भात माणसांच्या आयुष्यावर तिचा परिणाम होतो, याचे हे एक उदाहरण समजावे.

५

वरील विवेचनावरून एक निष्कर्ष निघतो. विजयांची नोंद ही एका संघाच्या नावावर मांडली जात असली, तरी ती एकट्या संघाची कधीच नसते. २८ साखळी सामने जिंकण्यासाठी सात प्रतिस्पर्धी असावे लागतात. त्या सातही विद्यापीठांनी संघ उभारलेले, प्रवासखर्च सोसलेले व बर्फ गोठवून ठेवलेले असावे लागते. नॉर्थ डकोटाने माघार घेतल्यावर ती विभागीय संघटना सात संघांची उरली. २०२१ मध्ये सेंट थॉमस विद्यापीठाचा संघ आल्यावर ती संख्या पुन्हा आठ झाली. दुर्बळ प्रतिस्पर्ध्यांवर मिळविलेले ४१ विजय आणि तिसऱ्या जादा सत्रापर्यंत झुंजणाऱ्यांवर मिळविलेले ४१ विजय ताळेबंदात सारखेच दिसतात. त्यांतील फरक सांगणे हे इतिहासाचे काम आहे.

महिलांच्या महाविद्यालयीन खेळाचा इतिहास लिहिणाराने म्हणूनच गुणफलकाइतकेच विद्यापीठांच्या अंदाजपत्रकांकडे, नियमांच्या परिभाषेकडे आणि न्यायालयांच्या निर्णयांकडेही साधन म्हणून पाहिले पाहिजे. मिनेसोटाचा संघ त्या हंगामात अपराजित राहिला, हे सत्य आहे आणि ते कौतुकास्पदच आहे. परंतु ज्या संघाने त्याला अजिंक्य नसल्याची जाणीव करून दिली, त्याचा अंत कोणत्याही प्रतिस्पर्ध्याने बर्फावर केला नाही. तो बैठकीच्या खोलीत झाला. मिनेसोटाच्या ४१ विजयांचा वृत्तांत लिहिताना त्या पराभूत संघाचे नाव गाळले, तर त्या विजयांचे मोल कशावरून ठरवावयाचे, हेच सांगता येणार नाही.