वेगाआधी विश्वास: कंपायलर ऑप्टिमायझेशनची वाटचाल

१९५७ मध्ये आयबीएम ७०४ या संगणकासाठी जॉन बॅकस यांच्या गटाने फोर्ट्रानचा कंपायलर पूर्ण केला, तेव्हा मुख्य शंका वेगाविषयीच होती. हाताने लिहिलेल्या यंत्रभाषेतील प्रोग्रामच्या जवळपास वेग मिळाला नाही, तर कंपायलर कोणी वापरणार नाही, हे हा गट जाणून होता. त्यामुळे अनावश्यक आकडेमोड टाळणारी ऑप्टिमायझेशनची तंत्रे कंपायलरच्या आरंभापासूनच विकसित झाली.

१९८७ मध्ये मॅसलिन यांनी ‘सुपरऑप्टिमायझर’ची कल्पना मांडली. छोट्या कामासाठी शक्य असलेले सर्व आज्ञाक्रम तपासून त्यांतला सर्वांत लहान निवडायचा, अशी ती पद्धत होती. २००६ मध्ये सोरव बन्सल आणि अ‍ॅलेक्स एकेन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात याच मार्गाने ऑप्टिमायझेशनचे नियम यंत्राकडूनच शोधून घेतले. काही गणनाप्रधान प्रोग्रामखंडांवर त्यांना नेहमीच्या कंपायलरच्या तुलनेत १.७ ते १० पट वेग मिळाला. बन्सल पुढे आयआयटी दिल्लीत अध्यापन व संशोधन करू लागले.

मग रोजच्या वापरातले सॉफ्टवेअर दहापट वेगाने का चालत नाही? याचे उत्तर जीन अ‍ॅमडाल यांच्या १९६७ मधील युक्तिवादात सापडते. १०० सेकंदांच्या कामात १० सेकंद घेणारा भाग दहापट वेगवान केला, तरी संपूर्ण कामाला ९१ सेकंद लागतातच. दैनंदिन सॉफ्टवेअरचा बराच वेळ नेटवर्क, डिस्क आणि मेमरी यांची वाट पाहण्यात जातो, आणि तो वेळ कंपायलरच्या हाती फारसा नसतो. ऑप्टिमायझेशन पूर्णपणे बंद केल्यास गणनाप्रधान कामांतील मंदपणा स्पष्ट जाणवतो. मात्र आधीच ऑप्टिमाइझ केलेल्या प्रोग्राममध्ये आणखी भर घातली, तर वापरकर्त्याला फरक क्वचितच कळतो.

या थोड्या लाभाची किंमत कधी मोठी असते. २००९ मध्ये लिनक्स कर्नेलच्या एका नेटवर्क ड्रायव्हरमध्ये पॉइंटर आधी वापरला गेला होता आणि तो रिकामा आहे की नाही, याची तपासणी नंतर केली होती. ज्याअर्थी पॉइंटर वापरला, त्याअर्थी तो रिकामा नसणार, असे गृहीत धरून जीसीसी कंपायलरने ती तपासणीच काढून टाकली. सी भाषेच्या नियमांनुसार कंपायलर चुकला नव्हता, चूक मूळ प्रोग्रामची होती. तरीही त्यातून सुरक्षेला भगदाड पडले.

हौज खास येथील आयआयटी दिल्लीच्या आवारात बन्सल आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुढे हाच प्रश्न हाती घेतला. ऑप्टिमायझेशनपूर्वीचा आणि नंतरचा प्रोग्राम समतुल्य आहेत, हे गणिताने कसे सिद्ध करावे? २०१७ मध्ये मनजीत दहिया आणि बन्सल यांनी सी भाषेतील अशा अनिर्धारित वर्तनाचाही या पडताळणीत समावेश केला. वेगातील काही टक्क्यांची वाढ वापरकर्त्याच्या लक्षात येणार नाही, पण प्रोग्रामचा अर्थ बदलला तर त्याचे परिणाम त्यालाच भोगावे लागतात.