बांधात मावणारा ट्रॅक्टर

छोटा ट्रॅक्टर घ्यायचाय, कोणत्या कंपनीचा घेऊ, असा प्रश्न हल्ली गावोगाव ऐकू येतो. प्रश्न साधा आहे. पण तो विचारता येणं हीच मुळात नवी गोष्ट आहे. १९६०च्या दशकात शेतकऱ्यापुढे निवडीला फारसं काही नव्हतंच. फरिदाबादला आयशर, मद्रासला मॅसी फर्ग्युसन, मुंबईत महिंद्राचा इंटरनॅशनल, अशी सुरुवात नुकती झाली होती. बाकी यंत्रं बोटीतून यायची. झेकोस्लोव्हाकियाचा झेटर, पोलंडचा उर्सुस, शिवाय रशियाचे ट्रॅक्टर. मिळेल तो आपला म्हणायचा. एखादा पार्ट तुटला, की ऐन नांगरटीत मालकाने समुद्राकडे डोळे लावून बसायचं!

अशा काळात, १९६५ मध्ये, दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेने एक हट्ट धरला. ट्रॅक्टर आपला आपण आखायचा, आणि तोही लहान, वीस अश्वशक्तीच्या आसपासचा. संचालक होते मनमोहन सुरी. त्यांच्या हाताखाली चंद्रमोहन यांच्यासारखे तरुण अभियंते. आराखडा तयार झाला. पण एचएमटीच्या कारखान्यासाठी निवड झाली ती झेटरची. (परक्या शिक्क्यावर आपला विश्वास चटकन बसतो, आणि हे काही ट्रॅक्टरपुरतंच नाही.) अखेर पंजाबच्या सरकारी औद्योगिक विकास महामंडळाने दुर्गापूरचं काम उचललं. १९७० मध्ये पंजाब ट्रॅक्टर्स ही कंपनी उभी राहिली आणि १९७४ मध्ये मोहालीतून ‘स्वराज ७२४’ बाहेर पडला, साडेसव्वीस अश्वशक्तीचा. नावात काव्य आहे, हे मी तरी नाकारणार नाही. पण काव्यावर कोणी कर्ज काढत नाही. गिऱ्हाईक वळलं ते यंत्र इथलं, दुरुस्ती इथली, म्हणून. पुढे १९८५ मध्ये स्वराजची इंजिनं बनवणारी वेगळी कंपनी निघाली, तीत आपल्या पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची भागीदारी होती. विहिरीवरचं किर्लोस्करचं इंजिन खोलून जोडणारे मेकॅनिक तर आपल्या गावोगाव होतेच.

पुढे मात्र गणित उलटं फिरलं. ट्रॅक्टर वाढत गेले, पस्तीस, पंचेचाळीस, पन्नास अश्वशक्तीचे. आणि जमिनीचे तुकडे पडत गेले. कृषी गणनेप्रमाणे महाराष्ट्रात १९७०-७१ मध्ये एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टरवर आली. मग एवढे मोठे ट्रॅक्टर खपतात कसे? कारण ते केवळ स्वतःच्या रानासाठी घेतलेले नसतात. उसाच्या ट्रॉल्या ओढायच्या, दुसऱ्यांची नांगरट भाड्याने करायची, त्यावर हप्ता फेडायचा. भाडं मिळालं तर ठीक. गावात एकाचे दहा ट्रॅक्टर झाले की दर पडतो, हप्ता मात्र जागचा हलत नाही.

लहान ट्रॅक्टर पुन्हा आला तो बागांच्या वाटेने. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागेत दोन ओळींत आठ-दहा फूट जागा, वर मांडव. तिथे मोठं धूड शिरलं की घड तरी जातात नाहीतर तारा. उसाची भर, कापसाची कोळपणी, इथेही तीच अडचण. बंगळूरच्या व्हीएसटीने मित्सुबिशीच्या तंत्रावर लहान यंत्रं दिली, राजकोटच्या उद्योजकांनी मिनी ट्रॅक्टर काढले, महिंद्राचा पंधरा अश्वशक्तीचा युवराज आला, २०२१ मध्ये स्वराजचा अकरा अश्वशक्तीचा कोड, २०२३ मध्ये महिंद्राचाच ओजा. आता शिक्के पुष्कळ आहेत, घरं मात्र तितकी नाहीत. महिंद्राने २००७ मध्ये पंजाब ट्रॅक्टर्स घेतली; एस्कॉर्ट्स २०२२ मध्ये जपानच्या कुबोटाच्या ताब्यात गेली. तेव्हा ‘आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हाच’ हा अभिमान असावा, पण व्यवहार त्यावर ठरवू नये.

माझं मत विचाराल, तर शोरूममध्ये जाण्याआधी टेप घेऊन आपल्या ओळीतलं अंतर मोजा. मग औजार ठरवा, ट्रॅक्टर नंतर. फवारणीचा ब्लोअर किंवा रोटाव्हेटर फिरतो तो मागच्या पीटीओ दांड्यावर, आणि तिथे पोचणारी शक्ती कागदावरच्या इंजिनाच्या आकड्यापेक्षा कमी असते. विक्रेता मोठा आकडा आधी सांगतो. तुम्ही पीटीओचा विचारा. ब्लोअर भरून, आपल्याच बागेत, चढावर चालवून दाखवायला सांगा. टायर चार फुटी ओळीतून जातो की नाही, हे तिथेच कळेल. तालुक्याच्या गावी क्लचप्लेट त्याच दिवशी मिळते का, हे विक्रेत्याला नको, ते यंत्र चार वर्षं वापरणाऱ्याला विचारा. जुन्याला बाजारात काय भाव येतो, तेही त्यालाच ठाऊक असतं.

आणि आपल्या रानात वर्षाकाठी ट्रॅक्टरचं काम किती दिवसांचं, ते बोटांवर मोजा. वीस-पंचवीस दिवसच निघत असेल, तर शेजाऱ्याचा भाड्याने आणणं स्वस्त पडतं. नाहीतर दोघा भावांनी मिळून एक घ्यावा. बांध वेगळा झाला असला तरी.