पालवणकर बंधू

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लढाया आणि तह उभे राहतात. खेळाच्या मैदानाकडे त्या दृष्टीने पाहण्याची आपल्याला सवय नाही. परंतु आपल्या समाजाचे मन एके काळी कोठवर उघडले होते आणि कोठे अडून बसले होते, हे ज्याला पाहावयाचे असेल, त्याने बाळू पालवणकर व त्यांचे बंधू यांची हकीकत ध्यानात घ्यावी.

बाळूंचा जन्म 1876 चा, चर्मकार कुटुंबातला. पुण्याच्या युरोपियन क्लबात ते महिना 4 रुपयांवर चाकरीस होते. खेळपट्टीवर रूळ फिरवावा, जाळी बांधावी आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकावा, हे त्यांचे काम. ग्रेग नावाचा नामांकित इंग्रज फलंदाज त्यांच्या गोलंदाजीवर रोज सराव करी. त्या सरावात बाळूंची डावखुरी मंदगती गोलंदाजी घोटून निघाली. फलंदाजीची संधी मात्र तेथे त्यांच्या वाट्याला आली नाही. बॅट साहेबाने धरावी आणि चेंडू चाकराने टाकावा, अशी ती वाटणी होती.

मग पुण्याच्या हिंदू संघाला इंग्रजांवर मात करण्याची ईर्षा झाली, आणि बाळूंना संघात घेणे भाग पडले. पण घेतले ते कसे? मैदानात त्यांनी टाकलेला चेंडू सर्वांनी झेलावा. चहाची वेळ झाली की त्यांनी मंडपाबाहेर उभे राहून मातीच्या भांड्यात चहा घ्यावा! त्यांचे जेवणाचे पानही वेगळे. मुंबईने पुढचे पाऊल टाकले. तेथील हिंदू जिमखान्याने त्यांना आपल्या उपाहारगृहात इतरांच्या बरोबरीने बसविले. 1906 साली हिंदू संघाने युरोपियनांना 109 धावांनी हरविले, तेव्हा त्या संघात बाळूंच्या जोडीला धाकटे शिवराम होते. 1911 च्या इंग्लंडच्या दौऱ्यात बाळूंनी शंभरावर बळी घेतले.

यावरून कोणी म्हणेल, गुण असला की वाट आपोआप मोकळी होते. आम्हांस तसे वाटत नाही. एवढा पराक्रम करूनही हिंदू संघाचे नायकपद बाळूंना मिळाले नाही. या हकीकतीतील खरे बळ दुसरीकडे आहे. ज्या दाराशी आपण अडलो तेथेच भावांनी पुन्हा पहिल्यापासून उभे राहावे, असे या वडीलभावाने होऊ दिले नाही. शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे तिघेही त्याच्या मागोमाग वरच्या दर्जाच्या क्रिकेटमध्ये आले. त्यांना खेळ मिळाला, आणि खेळाबरोबर आपली किंमत ओळखण्याची दृष्टीही मिळाली.

त्या दृष्टीची कसोटी 1920 च्या चौरंगी सामन्यांत लागली. बाळूंना डावलल्याचे दिसताच विठ्ठल व शिवराम यांनी उघड निषेध करून संघातून अंग काढून घेतले. अखेर तडजोड झाली. अंतिम सामन्यात भाऊ परतले आणि बाळू उपनायक झाले. पुढे 1923 साली विठ्ठल हिंदू संघाचे नायक झाले आणि त्यांच्या नायकत्वाखाली संघ विजयी झाला. जो मान वडीलभावाला नाकारला गेला, तो धाकट्याने मिळविला. आणि त्या मानासाठी झगडण्याची सुरुवात धाकट्यांनी वडीलभावासाठीच केली होती.

आपल्या गावोगाव तालमी आहेत, क्रीडामंडळे आहेत. तेथे मुलांना डावपेच शिकविणारे पुष्कळ आहेत. परंतु मुलाला घडविणे म्हणजे त्याला नुसते कौशल्य देणे नव्हे. त्याच्यासाठी जागा करून देणे, आणि ती नाकारली गेली तर त्याच्या बाजूने उभे राहणे, हेही त्यातच येते. आज आपल्या मैदानावर रूळ फिरविणारा एखादा मुलगा असेल. त्याच्या हाती बॅट कोण देतो, आणि खेळ संपल्यावर त्याला आपल्या पंगतीला कोण बसवितो, एवढे आपण पाहिले तरी पालवणकर बंधूंची हकीकत वाचल्याचे सार्थक होईल.