कलम 17 पाठ आहे, कलम 23 चे काय?

अस्पृश्यता नष्ट करणारे कलम 17 आपल्या सभांमध्ये सगळ्यांना तोंडपाठ असते. पण कलम 23 काय सांगते असे विचारले की जुने कार्यकर्तेसुद्धा एकमेकांकडे बघतात. माणसांचा व्यापार आणि वेठबिगारी यांवर बंदी घालणारे हे कलम. हा व्यापार ज्यांच्या घरात शिरला ते लोक कोण होते, हे आपल्याला कुणी सांगायची गरज नाही.

1908 साली शिवराम जानबा कांबळे यांनी 'सोमवंशीय मित्र' सुरू केले आणि खंडोबाला मुरळी सोडण्याच्या चालीवर उघड हल्ला चढवला. 1909 मध्ये शिवूबाई लक्ष्मण जाधव या मुरळीचे पत्र त्यांनी छापले. तिला हे जिणे सोडून लग्न करायचे होते. चळवळीतल्याच एका कार्यकर्त्याने तिच्याशी लग्न केले. नुसता ठराव करून घरी जाणारी ती पिढी नव्हती!

16 जून 1936 रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, मुरळ्या, जोगतिणी जमल्या. बाबासाहेबांनी कामाठीपुऱ्यातल्या बायांना तो धंदा सोडून संसार करायला सांगितले. आज ते शब्द कठोर वाटतात, आणि त्यावर झालेली टीकाही आपण वाचली पाहिजे. पण संविधानात बोट बाईकडे नाही, व्यापार करणाऱ्याकडे आहे. 3 डिसेंबर 1948 रोजी संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली. के. टी. शहा यांनी त्यात देवदासी प्रथेचा स्पष्ट उल्लेख मागितला होता, तो मान्य झाला नाही. मुंबई प्रांतात 1934 चा कायदा होता, तरी महाराष्ट्राला देवदासी निर्मूलनाचा स्वतंत्र कायदा करायला 2005 साल उजाडले.

देवाचे नाव मागे पडले, दलालाने 'नोकरी' हा शब्द उचलला. शहरात घरकाम, ब्युटी पार्लर, लग्नाचे स्थळ. आणि हा व्यापार फक्त देहविक्रीचा नाही. ऊसतोडीची उचल आणि वीटभट्टीवर कातकऱ्यांना दिलेला बयाणा फिटत नाही म्हणून माणूस अडकवून ठेवला, तर ती वेठबिगारीच. 1976 च्या कायद्याने असे कर्ज रद्द ठरते. 1982 साली आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवणे हेही कलम 23 चे उल्लंघन मानले.

'ती स्वतःच्या मर्जीने गेली' असे पोलीस ठाण्यात ऐकवतील. भारतीय न्याय संहितेच्या कलम 143 मध्ये पीडितेच्या संमतीला किंमत नाही, हे तिथेच दाखवा. हद्दीचा वाद घातला तर शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवायला लावा. मूल असेल तर 1098, तातडीला 112. वेठबिगार सुटला की जिल्हा प्रशासनाकडून मुक्तीचे प्रमाणपत्र घेतल्याशिवाय उठू नका, पुनर्वसनाची मदत त्यावरच अडते.

आणि दसऱ्याआधी प्रत्येक विहारात एक वही ठेवा: कोण कुठे चालले, कोणत्या मुकादमाबरोबर, उचल किती, मुकादमाचा फोन नंबर, गाडीचा नंबर, परतायची तारीख.